बाजारवाटेची भिंत

बोरीच्या आमच्या घराची एक भिंत बाजाराच्या वाटेवर होती. घर म्हणायला घर; मातीचं, माळवदाचं, पुढं ओसरी. पण भिंत मात्र लांबलचक आणि सरळ, तोंड मावळतीला, त्यामुळं सकाळपासून दुपारपर्यंत तिच्यावर सावली. लग्न होऊन आले तेव्हा घरातलं दुसरं काही माझ्या डोळ्यांत भरलं नाही. सासूला वाटलं, नवी सून घर बघून हरखली. मी हरखले होते त्या भिंतीला.

मी चिताऱ्याची लेक. माझा बाप सेलूला कापसाच्या व्यापाऱ्यांच्या घरांवर लग्नाची चित्रं काढायचा. दारावर गणपती, दोन्ही अंगांना हत्ती, भालदार-चोपदार, वर मोर. मला भाऊ नव्हता, म्हणून रंग घोटायला मी. घोटता घोटता हात बसला. पोरीच्या जातीला हे येऊन काय करायचं, असं बाप म्हणायचा आणि म्हणता म्हणता कुंचला माझ्याच हातात द्यायचा. असा तो माणूस. मग मला दिलं बोरीला, तेही चिताऱ्याच्याच घरात. पण इथली रीत न्यारी. बायकांनी रंग घोटायचे, डिंक भिजवायचा, आणि घरधन्यानं कुंचला उचलला की बाजूला सरकायचं. माझा मालक रंगांची पेटी घेऊन गावोगाव हिंडायचा. बैलगाड्या रंगवायचा, पाळणे रंगवायचा, जिंतुराकडं एखाद्या देवळाचं काम निघालं की तिकडंच मुक्काम ठोकायचा. मागं राहायचो मी, सासू आणि ती कोरी भिंत.

कोरी भिंत बघून माझा हात शिवशिवायचा. एका पंचमीला सगळ्या बायका दाराशी नाग काढत होत्या, तेव्हा मी पांढऱ्या मातीनं अख्खी भिंत सारवली आणि गेरूनं तिच्यावर हा एवढा मोठा मोर काढला. सासू बाहेर आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि विचारलं, हे कुणाच्या लग्नाचं काढलंस? लग्न असल्याबिगर भिंतीवर चित्र काढतात, हे तिच्या डोक्यातच बसेना. मी म्हटलं, कुणाच्या नाही, माझ्या जिवाच्या समाधानाचं. ती म्हणाली, समाधान लय झालं, आता भाकरी टाक.

त्या मोरापायी पोरी गोळा झाल्या. गावात पोरांना सरकारी मदरसा होता, तिथं उर्दूचं अलिफ-बे शिकवायचे. पोरींना काहीच नव्हतं आणि त्याची कुणाला फिकीरही नव्हती. शेण गोळा करायला निघालेल्या पोरी पाट्या खाली ठेवून माझ्या भिंतीपुढं उभ्या राहायच्या. एक दिवस एकीच्या हातात मी कोळसा दिला. दुसऱ्या दिवशी ओसरीवर पाय ठेवायला जागा उरली नाही.

शिकवायचं म्हणजे काय, हे मला तरी कुठं माहीत होतं. बापानं मला शिकवलं नव्हतं, नुसता रागावला होता. मीही तेच करायचे. फक्त एक नेम मी घातला. मोर, हत्ती, गणपती काढायचा नाही. ते माझं आणि मालकाचं काम. तुम्ही घरात जे बघितलं ते काढायचं. आधी नीट बघून या, मग हात लावा. एकीनं जातं काढलं, एकीनं आजारी म्हैस काढली. एका धनगराच्या पोरीनं मेंढरं अशी काढायला घेतली की भिंत पुरेना, शेजारणीच्या जागेत घुसली, आणि दोघींची जुंपली. लढाईचे दिवस होते. तयार रंगाच्या पुड्या सेलूच्या दुकानातही दिसेनात, कागदाचं तर नावच नको. पण आम्हाला कागद हवा होता कुणाला? गेरू होता, चुना होता, चुलीतला कोळसा होता, हळद होती, धुण्याची नीळ होती. डिंक मात्र मी पोरींना देत नव्हते, तो मालकाच्या कामाचा. नुसत्या पाण्यातला रंग हाताला लागायचा आणि पुसूनही जायचा.

रीत अशी पडली की बाजाराच्या आदल्या दिवशी भिंत सारवायची आणि बाजाराच्या सकाळी पोरींनी काढायचं. आसपासच्या खेड्यांतले लोक त्याच वाटेनं बाजाराला यायचे. डोक्यावर बोचकी घेतलेल्या बाया थांबायच्या, हसायच्या, हे कुणाचं, ते कुणाचं म्हणून विचारायच्या. दिवस मावळायच्या सुमाराला गुरं परत यायची. वाट अरुंद. एकेक गाय-म्हैस भिंतीला अंग घासत जायची, आणि पोरींच्या छातीइतक्या उंचीचं सगळं पुसून टाकायची. पोरी बुटक्या, त्यांची चित्रं खाली. अंधार पडेस्तोवर भिंतीवर नुसता चिखल राहायचा आणि म्हशींच्या पाठी तांबड्या-निळ्या होऊन गोठ्यात जायच्या. गुराख्यांनी मला लय शिव्या दिल्या असतील.

भांडणंही झाली. एका पोरीनं बाप काढला, ओसरीवर पालथा पडलेला, शेजारी शिंदीची घागर. अख्ख्या बाजारानं ओळखला. बाप तरातरा आला, पोरीचा हात धरून ओढायला लागला. मी मधे पडले. म्हटलं, तिनं जे बघितलं ते काढलं, तुम्हाला दुसरं काही काढून पाहिजे असेल तर घरी दुसरं काही करून दाखवा. त्यानं पोरीचा हात सोडला. सासू आत कपाळावर हात मारत होती. आणखी एकदा पोलिसांचा अमीन वाटेनं जाताना घोडा थांबवून उभा राहिला. भिंतीवर कुणी काही लिहिलं की त्या काळात पकडायचे. सरकारविरुद्ध यात काही आहे का, असं त्यानं दरडावून विचारलं. मी काही बोलायच्या आत सासू पुढं झाली आणि म्हणाली, साहेब, ही म्हैस हाय, हे जातं हाय, अन् ही माझी सून हाय, हिला अक्कल न्हाई. अमीन हसत निघून गेला. आत आल्यावर सासूनं मला फैलावर घेतलं, पण भिंत पुस असं काही तिनं म्हटलं नाही.

या पोरींत एक वाण्याची पोर होती. लिंगायत घर, बाजाराच्या दुसऱ्या टोकाला किराण्याचं दुकान. दहा-अकरा वर्षांची, सावळी, कपाळाला भस्म, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. बोलायला लागली की थांबायची नाही, आणि काढायला बसली की आवाज नाही. ती नेहमी एकच काढायची, तिची माय. चुलीपुढं बसलेली माय. विहिरीवर वाकलेली माय. तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसलेली माय. आणि प्रत्येक चित्रात माय पाठमोरी. पदर, अंबाडा, पाठ, बास.

मी एकदा चिडवलं, "तुझ्या मायीला तोंड न्हाई का गं?"

"हाय की," ती मान वर न करता म्हणाली. "पण ती हमेशा कामात ऱ्हाते. फिरली की काडते."

पोरी फिदीफिदी हसल्या. मीही हसले. माझी कूस काही उजवली नव्हती, आणि तेवढ्यापुरतं तरी त्या पोरींमुळं माझं घर भरायचं. या वाण्याच्या पोरीवर माझा जरा जास्तच जीव होता, हे मी तेव्हा कुणाला बोलले नसते. सासूचाही होता. तोंडानं ती म्हणायची, वाण्याची पोर माझा कोळसा संपवायलीय, आणि हळूच तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची.

पोरीला एकच ध्यास होता. मायीनं एकदा येऊन भिंत बघावी. बाजाराला येणाऱ्या सगळ्या मुलखानं तिची माय भिंतीवर बघितली होती, मायीनं तेवढी बघितली नव्हती. कारण बाजाराच्या दिवशीच त्या घरात उसंत नसायची. खेड्यांवरची गिऱ्हाईकं, नात्यातले पाव्हणे, सगळे जेवायला तिथंच. ती बाई पहाटे चुलीपुढं बसायची ती दिवस मावळल्यावर उठायची. आणि दिवस मावळल्यावर भिंतीवर काय असायचं? म्हशींनी घासलेला चिखल. पोर दर बाजारी सांगायची, आई पुढच्या बाजारी येणार हाय. मी म्हणायचे, येईल गं. पुढच्या बाजारी माय यायची नाही आणि पोर पुन्हा तेच वाक्य म्हणायची. एकदा मी त्यांच्या दुकानावर मीठ आणायला गेले तेव्हा मागल्या दारात त्या माउलीची गाठ पडली. हाताला पीठ, डोळे धुरानं लाल. ती म्हणाली, अक्का, माझं लेकरू तिथं काय करतं ते मला बगायचंच हाय, बगा एकदा कशी येते ते. खोटं बोलत नव्हती बिचारी. तिला यायचंच होतं.

मग त्या बाजाराच्या सकाळी पोर सगळ्यांच्या आधी आली. ओसरीवर मालकाची एक जुनी रिकामी लाकडी पेटी पडली होती, ती तिनं ओढत भिंतीशी आणली आणि तिच्यावर चढली. मी विचारलं, हे काय नवीन? ती म्हणाली, काकी, खाली काडलं की गुरं पुसत्यात. वर काडलं तर ऱ्हाईल. मग आईला कवाबी येता येईल. दुपारी, न्हाई तर दुसऱ्या दिशी, कामं आवरल्यावर.

एवढ्या दिवसांत हे मला सुचलं नव्हतं. मी पेटी धरून उभी राहिले. तिनं हातभर उंचीची बाई काढली, पाठमोरीच. लुगडं सबंध गेरूनं भरलं, ओंजळी ओंजळीनं गेरू लावला म्हणा ना. बाईच्या शेजारी झाडाचं खोड काढलं, आमच्या भिंतीसमोर वाटेच्या पलीकडं कडुनिंब होता, तो. आणि बाईच्या पुढं एक भिंत काढली, तिच्यावर बोटाएवढा मोर. मला समजायला वेळ लागला. आमचीच भिंत होती ती. माय निंबापाशी उभी राहून भिंत बघत होती.

पोर पेटीवरून उतरली, मागं सरकून निंबापाशी गेली, डोकं तिरकं करून चित्राकडं बघितलं आणि परत येऊन हात लुगड्याला, म्हणजे माझ्या लुगड्याला, पुसले. संध्याकाळी गुरं आली, घासून गेली. खालचं सगळं गेलं. वरची माय होती तशी राहिली.

त्याच संध्याकाळी पोरीला ताप भरला.

वैद्य झाला, काढे झाले, जिंतूरहून डॉक्टर आणायची धावपळ झाली. माय तिच्या उशापासून हलली नाही. मी रोज जाऊन बसायचे. तापातही पोर एकदा मायीला म्हणाली की भिंत पुसली नाही, तुला येऊन बघता येईल. मायीनं तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, तू उठ, आपण दोघी जाऊ. मी घरी येऊन सगळ्यांना बजावलं की या बाजारी भिंत सारवायची नाही. पोरींनी हट्ट केला, मी रागावले. पोर उठणार आणि मायीचा हात धरून येणार, हे माझ्या मनानं धरून ठेवलं होतं. पण ताप डोक्यात गेला. बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी पोर गेली.

मी निरोप ऐकला आणि तशीच धावले. त्यांच्यात मेलेल्या माणसाला निजवत नाहीत, बसवतात. पोरीला भिंतीशी टेकवून बसवलं होतं, फुलांच्या माळा, कपाळभर भस्म, तळहातावर लिंग. बाया-माणसं भजन म्हणत होती. त्यांचे जंगम महाराज सांगत होते की लेकरू शिवाजवळ गेलं, रडू नका. माय रडत नव्हती. डोळे कोरडे ठक्क, पोरीकडं बघत होती. मी जवळ जाऊन बसले. पोरीच्या हाताकडं नजर गेली. आंघोळ घातलेली, पण नखांच्या कडेला गेरू तसाच होता. तिथं मात्र मला हुंदका आवरला नाही. महाराज काय म्हणतात ते मी ऐकून घेतलं, पण माझे डोळे काही त्यांचे चेले नव्हते.

फुलांच्या डोलीतून तिला बसवून नेलं. तशीच बसलेली मातीत ठेवली. मी शेवटपर्यंत थांबले आणि दिवस कलल्यावर परत निघाले. आमच्या वाटेला वळले. भिंत पांढरी होती. ओली, चकचकीत, टोकापासून टोकापर्यंत पांढरी. सासू पेटीवरून उतरत होती. कोपरापर्यंत हात पांढऱ्या मातीनं माखलेले. या भिंतीला उभ्या जन्मात बोट न लावलेली म्हातारी.

तिनं काय विचार केला होता ते नंतर समजलं. आमच्यात दुःख पडलं की तेरा दिवस घरातली बाई उंबऱ्याबाहेर पडत नाही. तिच्या हिशोबानं पोरीची माय आता तेरा दिवसांनी बाहेर येणार. तोवर उद्याच्या बाजारात सगळा मुलूख मेलेल्या लेकराच्या चित्रापुढं उभा राहून बोटं दाखवणार. आणि शेवटी माय बाहेर पडली की पहिल्यांदा तिला तेच दिसणार. तिच्या काळजाला घरं पडतील, म्हणून म्हातारीनं स्वतः पेटीवर चढून ते झाकलं. तिच्या परीनं माया केली होती. पण हे ऐकायच्या आधीच माझ्या तोंडाचा पट्टा सुटला होता. काय काय बोलले ते इथं सांगायचं नाही. सासू बिचारी नुसती हातावरची माती खरडत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाजार भरत होता तेव्हा, वाटेनं ती आली. पोरीची माय. आंघोळ केलेली, कपाळाला ताजं भस्म, स्वच्छ धुतलेलं लुगडं. वाटेतली माणसं बाजूला होत होती. आमच्यात जे चालतं ते त्यांच्यात नाही. सुतक नाही, विटाळ नाही, तेरा दिवस कोंडून घेणं नाही. मला हे ऐकून माहीत होतं, सासूला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. घरात पाव्हणे असतील, चूल असेल, पण त्या दिवशी ती कुणासाठी थांबली नव्हती.

माझ्यापुढं येऊन ती म्हणाली, "आले बगा अक्का. दाखवा, कुटं काडलंय माझ्या लेकरानं."

मी भिंतीकडं हात केला. तिनं पांढरी भिंत बघितली. मग माझ्याकडं बघितलं, मग पुन्हा भिंतीकडं. आपलंच काहीतरी चुकलं, दुसरी भिंत असेल, असं वाटून तिनं वाटेच्या दोन्ही टोकांना मान वळवून बघितलं. तेवढ्यात सासू दारात आली. नखांत अजून पांढरी माती. ती म्हणाली, "अगं माय, तुमी तर तेरा दिवस..."

"आमच्यात न्हाई ते," पोरीची माय म्हणाली.

सासूनं दोन्ही हात पदराखाली घेतले. ती माउली ओरडली असती, सासूला चार शिव्या हासडल्या असत्या, तर बरं झालं असतं. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि आली तशी बाजारातून परत गेली. मी तिच्या मागं दहा पावलं गेले आणि थांबले. काय सांगणार होते मी?

त्या दिवसापासून मी सासूशी बोलणं टाकलं. एका घरात दोन बायका, आणि भाकरी थापल्याचा आवाज तेवढा. पोरी आल्या, त्यांनाही मी परत पाठवलं. मालक देवळाच्या कामावरून आला, त्यानं विचारलं काय झालं, त्यालाही मी धड उत्तर दिलं नाही.

काही दिवसांनी पोरीची माय पुन्हा आली, या खेपेला दुपारी, वाटेवर कुणी नसताना. बसली. पाणी दिलं ते तिनं हातात धरून ठेवलं, प्यायली नाही. मग म्हणाली, तुम्ही तिच्या मास्तरीण, तुम्हाला तिचा हात ठाऊक, तुम्ही तिच्यासारखं काढा. मी उठले. गेरू कालवला. पेटीवर चढले आणि भिंतीच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरी बाई काढायला लागले. लुगडं, पदर, अंबाडा. माझा हात बापाच्या हाताखाली तयार झालेला. रेष कुठं थांबवायची, पदराची चुणी कुठं पाडायची, हे त्याला आपोआप कळतं. पोरीला काहीच कळत नव्हतं. तिच्या बाईचा एक खांदा वर होता, एक खाली, मान आखूड, हात गुडघ्यापर्यंत. मी तसं काढायला गेले की हात नीटच काढायचा. पुसायचे, पुन्हा काढायचे. घामाघूम झाले.

मागून ती हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या अक्का. हे चांगलं हाय. पण हे तुमचं हाय."

मी खाली उतरले आणि पदर तोंडाला लावला. इतकी वर्षं मी पोरींना आधी बघा, मग काढा असं सांगत होते, आणि त्या एका पोरीची आखूड मान मला जमली नाही. ती आपली मला समजावत बसली. जिचं सगळं गेलं त्या बाईनं माझी पाठ थोपटावी, केवढी लाजिरवाणी गोष्ट.

मी डोळे पुसून वर बघितलं आणि तेव्हा मला ते दिसलं. सासूनं सारवलेल्या भागावर, उंच, जिथं चित्र होतं तिथं, पांढरी माती वाळल्यावर तांबूस झाली होती. मी इतक्या दिवसांत भिंतीकडं नजर वर करून बघितलंच नव्हतं. गेरू असाच असतो. त्याच्यावर नुसती ओली माती फिरवली की तो वर येतो. म्हणून चितारी माणूस सारवायच्या आधी पाण्यानं भिंत घासून धुतो. सासू चिताऱ्याच्याच घरात म्हातारी झालेली, तिला हे माहीत नसेल असं होणारच नाही. मी दाराकडं वळले. ती आडोशाला उभी होती. कितीतरी दिवसांनी मी तिच्याशी बोलले. विचारलं, आत्याबाई, आधी धुतली का नाही भिंत?

"खालचं धुतलं. वरचं पाण्यानं पुसायला गेले," ती म्हणाली, "पण माझा हातच होईना गं. मनून नुसतं झाकलं."

पोरीची माय त्या तांबूस डागाकडं बघत होती. रेषा नव्हत्या, खांदा नव्हता, मोर नव्हता, नुसता हातभर उंचीचा तांबूस डाग. मग तिनं मला विचारलं, ती जे विचारेल म्हणून मी भीत होते तेच. त्याच्यात मी काय करत होते? चुलीपाशी होते का?

हो म्हणाले असते तर चाललं असतं. चुलीपाशी होता वैनी, नेहमीसारख्या. पण सासू ऐकत होती, आणि पोर माझ्या डोळ्यांपुढं होती, निंबापाशी डोकं तिरकं करून उभी राहिलेली.

"न्हाई वैनी," मी म्हटलं. "इथं आल्या होता तुमी. भिंत बगायल्या होता."

तिच्या हातातलं पाणी सांडलं. मग विचारलं, कुठं उभी होते? मी वाटेपलीकडच्या कडुनिंबाकडं बोट केलं. ती उठली, वाट ओलांडून निंबापाशी गेली, आणि आमच्याकडं पाठ... नाही, चुकले. आमच्याकडं तोंड होतं तिचं, कारण आम्ही भिंतीशी होतो. निंबाच्या मागून कुणी आलं असतं तर त्याला मात्र तिची पाठ दिसली असती. पदर, अंबाडा, पाठ. पोर तिला जिथून काढायची तिथून. भिंतीकडं बघता बघता त्या बाईचे डोळे पहिल्यांदा वाहायला लागले.

पुढं पोरी परत आल्या. तिनंच सांगितलं की बंद करू नका. भिंत पुन्हा दर बाजाराला सारवायला लागलो, तो वरचा तुकडा सोडून. पोरींना सांगावं लागलं नाही, धनगराच्या पोरीची मेंढरंसुद्धा त्याच्या खालूनच वळसा घालून जायची. आणि दर बाजारी ती यायची. चूल असो, पाव्हणे असोत, जंगम जेवायला असोत. घरातल्यांनी सुरुवातीला कुरकुर केली, मग गप्प झाले. निंबापाशी उभी राहायची, त्या डागाकडं बघायची. बाजाराची माणसं तिच्या पुढून जायची यायची. नंतर गावात धामधुमीचे दिवस आले, किती घरं गाव सोडून गेली, बाजार मोडला, पुन्हा भरला. ती यायची थांबली नाही.

एकदा ऊन फार होतं. सासू आता वाकून चालायची, तरी आतून पाट घेऊन आली आणि वाट ओलांडून निंबाखाली तिच्यापुढं ठेवला. म्हणाली, बसा जरा, पाय दुखतील.

"न्हाई माय," ती भिंतीवरची नजर न काढता म्हणाली. "तिनं मला हुबी काडली होती."

सासूनं पाट उचलून निंबाला टेकवला, आणि तीही तिच्याजवळ उभी राहिली.